बिबट्यानं खाल्लेली दोन बोटं

“आता जे सांगणार हाय, त्यावर तुमच्यापैकी एकाचाबी इस्वास बसायचा न्हाई,” पाटील म्हणाले. त्यांनी मिशीवरून पालथी मूठ फिरवली आणि समोर बघितलं. तिसऱ्या बाजेवर त्यांचा मुलगा बसला होता.

पुढचं सांगायचं सोडून पाटील फेटा कपाळावर ओढू लागले.

पाटील म्हणजे ज्योतीराम. शनिवार-रविवार, दुपारी चार ते सात, एवढ्यापुरताच पाटील. खऱ्या गावांत कारखाने शिरले, म्हणून महाळुंग्याच्या मागं कुणीतरी खोटं गाव उभारलं होतं. सारवल्यासारख्या रंगाच्या फरश्या, विहिरीला फायबरचे दगड, कुंभारआळीत एसी. राहायला येणाऱ्या पाहुण्यांना पारावर बसून थापा ऐकवायला एक पाटील हवा होता. ज्योतीराम अंबाजोगाईकडचा. तीस वर्षं चाकणला प्रेस मशीन चालवलेली. सात पिढ्यांत कुणी पाटीलकीचं तोंड पाहिलं नव्हतं. पण थाप मारायला सातबारा लागत नाही. फेटा आणि मिशी मालकाची, मावळी बोली उसनी, थापा तेवढ्या घरच्या.

महिन्यापूर्वी प्रज्वलनं हात जोडले होते. “बाबा, माझं लग्न ठरेपर्यंत तरी ते सोंग सोडा. तनुजाच्या वडलांना, नानासाहेबांना मी सांगितलंय, वडील रिटायर झालेत, घरी आराम करतात.” ज्योतीरामनं सोडलं म्हणून सांगितलं आणि दर शनिवारी-रविवारी भजनाला म्हणून घराबाहेर पडत राहिला. घरी ऐकायला भिंती. इथं साठ माणसं चहा गार करून ऐकायची.

आणि आज मावळातल्या माणचे नानासाहेब सहकुटुंब दोन दिवस मुक्कामाला आले होते. बायको, मुलगी तनुजा, आणि ‘पोरगं जरा जवळनं बघू’ म्हणून सोबत घेतलेला प्रज्वल. त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. त्याच्या शेजारी नानासाहेब भज्यांची ताटली मांडीवर घेऊन निवांत बसले होते.

“काय पाटील, गाडी बंद पडली का? ढकलू का?” ते म्हणाले.

माणसं हसली. ज्योतीरामला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यानं रोजचीच गोष्ट काढली. डावा हात वर केला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही मुळापासून नव्हती.

“ही बिबट्यानं खाल्ली. दारात आला बेणं. म्या म्हनलं, आत ये, पर पाय धून ये. तर गडी रागावला, अन् केला घास.” त्यानं दोन्ही तळवे एकदम खाली दाबले. समोरच्या बायका दचकल्या. ही सवय प्रेसची, दोन हातांनी दोन बटणं एकदम दाबायची. “म्या म्हनलं, लेका, खायचीच व्हती तर मीठ मागायचं व्हतंस. तसा वरमला. दुसऱ्या दिशी बघतो तर उंबऱ्यावर ससा आनून ठेवलेला. आजबी अमावस्येला येतो. दाराबाहेर बसतो, मान खाली घालून.”

“अन् पाय?” नानासाहेबांनी विचारलं.

“धून येतो आता.”

सगळा पार हसला. प्रज्वल हसला नाही. तो त्या हाताकडे बघत होता.

त्या काळी मशीनला एकच बटण होतं. दुसरं नंतर बसवलं, ज्योतीरामच्या बोटांनंतर. दवाखान्यातून तो हाताला पांढरं गाठोडं बांधून घरी आला, तेव्हा सहा वर्षांचा प्रज्वल दाराच्या मागं लपला. काही केल्या जवळ येईना. मग ज्योतीरामनं जमिनीवर बसकण मारून त्याच्यासाठी हा बिबट्या जन्माला घातला. सगळं ऐकून पोरानं एवढंच विचारलं होतं, “मग बिबट्याला लागलं का?” आणि ते गाठोडं कुशीत धरून झोपलं होतं.

नानासाहेबांनी हसून हसून डोळ्यांत आलेलं पाणी पुसलं. “पाटील, थापा एक नंबर. पर आमी जन्माचे मावळातले. बोली तुमची इथली न्हाई. मधनंच मराठवाडा डोकावतोय. गाव कंचं तुमचं? पोरंबाळं काय करत्यात?”

ज्योतीरामचा हात फेट्याकडे गेला आणि परत आला. पुढच्या रविवारी बोलणी होती, चिंचवडला, त्याच्याच घरी. मिशी नसेल, फेटा नसेल. डावा हात खिशात ठेवला की झालं. त्यानं मुलाकडे बघायचं टाळलं.

“मला मूलबाळ न्हाई, मालक.”

कुणी हसलं नाही. नानासाहेबांनी हातातलं भजं ताटलीत ठेवलं. त्यांच्या बायकोच्या तोंडून नकळत “अगंबाई” निघालं. दुपारपासून पाटलांनी सांगितलेल्यातलं एवढं एकच सगळ्यांना खरं वाटलं होतं.

बाज करकरली. प्रज्वल उठला. तनुजानं “कुठं?” विचारलं, ते त्याला ऐकू गेलं नसावं. माणसांच्या पायांतून वाट काढत तो पारावर आला, ज्योतीरामला खेटून बसला, आणि त्यानं त्याचा डावा हात उचलून आपल्या मांडीवर घेतला.

“बिबट्याचं सगळं खरंय, नाना,” तो म्हणाला. “मूलबाळ नाही, हे तेवढं खोटं.”