तीन आठवड्यांचं क्रियापद

रविवारी सकाळी नऊ वाजता, मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या डोंगरातल्या एका गावसभेत एउफ्रोसिना बोलायला उभी राहिली. जन्मभर सापोतेक ही तिथली मूळ भाषाच बोललेल्या या विधवेने तीन आठवडे एकच स्पॅनिश क्रियापद घोकलं होतं: 'पोसेएर', म्हणजे मालकीहक्काने ताब्यात असणे.

"आजी, नुसतं 'आहे' म्हटलं तरी कळतं की," शिक्षिका नेरेइदा म्हणाली होती.

"कळतं गं, पण गावच्या वहीत चढत नाही. माझा अंगठा घेऊन शेत नेलं, त्या कागदातही हाच शब्द होता."

शेत नेणारा दीर माकेदोनियो पुढच्याच बाकावर होता. तीस वर्षं शहरात चपलांचं दुकान चालवणारा तो आज मुद्दाम आला होता.

"बोल वहिनी," तो हसला. "रडायचंही स्पॅनिशमधूनच का?"

ती रडली नाही. तो शब्द अचूक उच्चारून तिने सांगितलं, की ओढ्याकाठचं शेत माझ्या दिराच्याच मालकीचं आहे, तसं वहीत लिहून घ्या.

"शहाणी झालीस," म्हणत माकेदोनियोने खुशीत त्या नोंदीखाली सही ठोकली.


वहीत ज्याच्या नावावर शेत, त्याने वर्षभर गावात राहून बिनपगारी शिपाईगिरी करायची, नाहीतर शेत गावजमा, हा रिवाज तो शहरात राहून विसरला होता. सभेने त्याच दुपारी त्याच्या नावाने काढलेली शिपायाची काठी बुधवारपर्यंत तरी त्याने उचलली नव्हती; ती कचेरीच्या भिंतीला टेकून होती.