ओरिजिनल पाईप

आंब्याच्या पेट्या भरलेला नंदू वाळक्यांचा पिकअप मुंबईला म्हणून निघाला आणि जामसंड्याच्या चढावरच वाफा सोडत उभा राहिला. रेडिएटरचा झिजलेला पाईप त्यांनी आठच दिवसांपूर्वी यतीन मेस्त्रीच्या गॅरेजात बदलून घेतला होता, तोही कंपनीच्या पाकिटातला. आता हातात घेतला तर त्याचे पापुद्रे सुटत होते. ड्रायव्हर अजयला गाडीजवळ ठेवून वाळके रिक्षाने तडक गॅरेजात पोचले.

"पाकीट कंपनीचा नि आत माल भलतोच," त्यांनी फुटका पाईप यतीनच्या पुढ्यात टाकला. "गिऱ्हाईक पाकिटार काय छापलेला आसा ता बघून पैसे मोजता. तेका असो फसवतस, तुका झोप तरी कशी लागता रे?"

"चुकलंय, भाऊ." यतीनने मान खाली घातली आणि कपाटातून खरा पाईप काढला.

चार माणसांदेखत त्याला सुनावल्यामुळे वाळक्यांच्या जिवाला जरा बरं वाटलं. तेवढ्यात अजयचा फोन आला.

"भाऊ, आंब्यांका गरमी लागली काय बघूक एक पेटी उघडलंय. आंबे बरे आसत. पण कर्नाटकातसून माल इलो, तेचो कानडी पेपर आत तसोच रवलो हा."

वाळके गॅरेजबाहेर आले आणि आवाज उतरवून म्हणाले,

"मगे वाटेत मराठी पेपर घे नि सगळ्या पेट्यांत बदल. वर देवगड हापूस छापलेला आसताना आत कानडी पेपर बरो दिसाचो नाय."