बाटलीभर तेल

हुस्नाबीचे केस इतके कोरडे पडले होते की फणीचे दोन दात त्यात कामी आले. पण वणीच्या त्या घरात तेलाची बाटली सासूच्या पेटीत, कुलपात असे. तीन वर्षं जैबुनबीचं उत्तर ठरलेलं : "केस हायेत का झाडू? तेल पायजे तं बापाच्या घरून डबा आन!"

आज दुपारी दार वाजलं. जैबुनबी बाहेर जाऊन कुणाशी तरी बोलली, आत येऊन तिनं कडी लावली, पेटी उघडली आणि बाटली घेऊन सुनेच्या पाठीशी बसली. एकेक बट वेगळी करून ती तेल जिरवत राहिली. हुस्नाबी एवढी सुखावली की कडी कशाला लावली, हे विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी चांद्याहून ट्रक घेऊन नवरा युनूस परतेल, तेव्हा आपल्याला ओळखणारसुद्धा नाही, असं तिला वाटलं.

"बस करा ना अम्मी, कपाळावर ओघळून राह्यलं."



"ओघळू दे, बेटी. बाहेर युनूसले बाजेवर आनलं हाय. मी दार उघडलं का तुही इद्दत सुरू. मंग चार महिने दहा दिवस बेवेच्या केसाले तेल नाही."