जोडीचा फोटो

भिकीनं पिशवीतून फोटो काढला आणि काउंटरवर पालथा ठेवला. "दादा, ह्यो परत घ्या."

गुरुदत्तच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. अंबरनाथ पश्चिमेला त्याचा स्टुडिओ होता. दोन वेगळ्या फोटोंतली माणसं एका फोटोत शेजारी बसवावीत ती गुरुदत्तनंच, असं कल्याणपासून कर्जतपर्यंत लोक म्हणत. लोक म्हणत नसत तेव्हा तो स्वतः म्हणे. त्यानं फोटो सुलटा केला, भिंग घेतलं आणि सांधा कुठे दिसतो ते शोधू लागला. सांधा कुठेच दिसत नव्हता.

दिसेल कसा? जीव ओतून केलेलं काम होतं. भिकीचा नवरा देऊ बारवीच्या धरणावर मजुरीला असताना तापानं गेला, त्याला बावीस वर्षं झाली होती. मागे राहिला तो कामाच्या पासावरचा नखाएवढा फोटो, आणि त्याच्याही कोपऱ्यावर अर्धा शिक्का. गुरुदत्तनं तो मोठा केला, ब्रशनं शिक्का बुजवला. मानेखाली दुसऱ्याच एका गिऱ्हाइकाचा कोट बसवला. देऊच्या तोंडावर उजेड डावीकडून पडला होता, म्हणून भिकीचा फोटो काढतानाही दिवा डावीकडेच ठेवला. कापलेल्या कडा मागून पॉलिशपेपरनं घासून पातळ केल्या, दोघांना शेजारी चिकटवलं, हनुवटीखाली सावली रंगवली आणि सगळ्याचा मिळून नवा फोटो घेतला. नवराबायको जशी काही कालच येऊन बसून गेली होती.

"काय खोट आहे यात, मावशी? कोट नको होता का?"

"कोट असूं दे. बरा दिसतो कोटात."

"मग?"

भिकीनं तोंड फिरवलं. शेवटी सोबत आलेल्या तिच्या मुलानं, मोरिवलीच्या कारखान्यात नोकरीला लागलेल्या वाळूनं, खाली मान घालून सांगितलं. "माझं लगीन ठरलंय ना साहेब. काल सोयरे घर बघायला आलते. माझी होणारी सासू फोटो बघून आयेला विचारते, ह्यो तुमचा थोरला काय?"

गुरुदत्तनं हसू गिळलं आणि फोटो पुन्हा पाहिला. कोटातला पंचविशीचा पोरगा, शेजारी पन्नाशीला टेकलेली बाई. इतके दिवस सांधे बुजवत बसला आणि एवढं ढळढळीत त्याच्या नजरेतून सुटलं होतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"एवढंच ना? सोपं आहे. तुम्हाला पंचविशीच्या करतो. केस काळे, गाल भरलेले. सुरकुती औषधाला सापडणार नाही."

"मस्त होईल, आये. एकदम टकाटक," वाळू म्हणाला.

"मना नाय व्हायचं तरणी," भिकी म्हणाली. "त्याला म्हातारा करा."

गुरुदत्तनं भिंग खाली ठेवलं. आजवर आलेल्या प्रत्येकानं काही ना काही पुसायला सांगितलं होतं. देवीचे वण, टक्कल, काळा रंग. कोणी वाढवायला सांगितलं नव्हतं.

"मेलेलं माणूस म्हातारं होत नाही, मावशी. ते खोटं होईल."

"आन् मना तरणी केली, तं ते खरं?"

गुरुदत्तनं वाळूकडे बघितलं.

"आये, हट्ट नको करू," वाळू कुजबुजला.

"तू गप. मी कोनाची बायको व्हते, तेच दिसत नाय ह्यात. तुज्या घरात फोटो लागंल, तं मी त्याची बायको दिसाया पायजे. नायतर लावूच नको."

आणि ती बाकावर मांडी ठोकून बसली. पासपोर्टच्या फोटोला आलेली दोन गिऱ्हाइकं तिला वळसा घालून आत गेली आणि तसाच वळसा घालून बाहेर पडली, तरी ती हलली नाही. अखेर गुरुदत्तच नमला. "आठ दिवसांनी या."

आठ दिवस त्यानं दुसरं काम हातात धरलं नाही. देऊच्या मिशा पिकवल्या, कानांजवळचे केस पांढरे केले, कपाळ थोडं वर सरकवलं. एकेक केस वेगळा काढला. आधी चिडून बसला होता, पण मग त्याला त्यात गोडी लागली. माणूस डोळ्यांदेखत पन्नाशीला आला. चेहरा मात्र त्यानं छान ठेवला. कोणालाही आवडावा असा.

फोटो बघून वाळूचे डोळे भरले. "बा असाच दिसला असता," तो म्हणाला.

भिकीनं फोटो डोळ्यांजवळ धरला. मग तिनं देऊच्या गालावर बोट ठेवलं.

"केस पिकवलं, पन तोंड गुळगुळीत ठेवलं. जसा बावीस वर्सं सावलीत बसून व्हता."

"सुरकुत्या कुठून आणू, मावशी?" गुरुदत्त आता खरंच थकला होता. "ज्याच्या त्याच्या वेगळ्या असतात. मनानं काढल्या की लगेच खोट्या दिसतात. त्याला तर कधी पडल्याच नाहीत. मी बघून काढू तरी कशावरून?"

भिकीनं डोक्यावरचा पदर मागे सारला आणि आपलं तोंड काउंटरवरच्या दिव्याखाली आणलं.

"हितनं बघून काढा," ती म्हणाली. "अर्ध्या त्याच्याच हायेत."