पाटी कोरी

मॅडमनी तीनदा शिक्का मारला आणि तिन्ही वेळा तो उमटला नाही. स्टॅम्पपॅड पार वाळलं होतं.

समोर बसलेली ती त्या कोऱ्या जागेकडे बघत होती. तिचं दोन वर्षांचं प्रोबेशन, म्हणजे तुरुंगाऐवजीची देखरेख, आज संपत होतं. या एका कागदावर शिक्का बसला की कोर्ट तिच्या नावावरचा गुन्हा पुसून टाकणार होतं. नाही बसला, तर तो तसाच राहणार होता.

“अगं, पॅड मागवलंय, दोन मिनिटं दम धर,” मॅडम म्हणाल्या. प्रोबेशन ऑफिसर असल्या तरी बोलायच्या मावशीसारख्या.

“मॅडम, मार्चमध्ये मी हजेरीला एक दिवस उशिरा आले होते,” ती एकदम म्हणाली. “आणि एकदा न विचारता गावाबाहेर गेले होते. ते लिहिलंय ना तुम्ही?”

मॅडमना हसू आवरेना. “इथे लोक घरफोडी करून वर तोंड करून बोलतात, आणि तू एका दिवसाचा उशीर कबूल करतेस! तुझ्यासारखी पोर त्या भानगडीत पडलीच कशी?”

भानगड तशी साधी होती. दादाच्या औषधांच्या गोदामात खोक्यांवरच्या संपलेल्या तारखा थिनरने पुसून नव्या छापल्या होत्या. कागदांवर सह्या तिच्या होत्या. वय लहान, गुन्हा पहिलाच, म्हणून तुरुंग टळला. पुन्हा इथे दिसलीस तर तुझी गय करणार नाही, असं न्यायाधीशांनी तेव्हा बजावलं होतं.

तेवढ्यात दादा धापा टाकत आत आला. समोरच्या दुकानातून नवं पॅड त्यानेच आणलं होतं. दोन वर्षांत तिची एकही हजेरी त्याने चुकू दिली नव्हती. उशीर झाला तो त्याची गाडी बंद पडली म्हणून.

“असा भाऊ मिळायला नशीब लागतं,” मॅडम म्हणाल्या.

“मॅडम, पुसलं म्हणजे अगदी पहिल्यासारखं ना?” दादाने विचारलं. “कुणालाच दिसणार नाही? कोर्टालासुद्धा?”

“कोर्टालासुद्धा नाही. कायद्याच्या लेखी हिने कधी काही केलंच नाही.”

या वेळी शिक्का ठळक उमटला. तिला हुंदका फुटला. मॅडमनी उठून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

“रड, मोकळी हो. सुटलीस बघ.”

बाहेर दादाने तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. आत थिनरचा वास कोंडला होता. मागच्या सीटवर छतापर्यंत औषधांची खोकी रचली होती, आणि सगळ्यात वर सह्यांचे कागद होते.

दादाने पेन तिच्या हातात दिलं.

“रडतेस काय, वेडाबाई? आता सापडलीस तरी पहिलाच गुन्हा.”