बनवणाऱ्यांची यादी

ग्रंथालयांसाठीचा संगणकावरचा मोफत प्रोग्राम दोघी बहिणींनी मिळून लिहिलेला. पण कौतुक धाकटीचंच व्हायला लागलं, तशी थोरलीने प्रोग्रामच्या नावाचा हक्क, म्हणजे ट्रेडमार्क, गुपचूप एकटीकडे घेतला आणि प्रमाणपत्र फ्रेम करून भिंतीवर टांगलं. धाकटी भांडली नाही. प्रोग्रामचा कोड कुणीही घेऊन वापरावा असा खुलाच होता; तो तिने दुसऱ्या नावाने चालवला आणि ग्रंथालयं तिच्याकडे वळली. आज पुस्तक बदलायला गेलेल्या थोरलीला ग्रंथपालबाईंच्या संगणकावर ते दुसरं नाव दिसलं आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. “त्या भवानीने माझं नाव उडवलं असणार! बनवणाऱ्यांची यादी दाखवा बघू.” बाईंनी यादी उघडली. सगळ्यात वर थोरलीचं नाव होतं, खाली धाकटीचं. “तुम्हीच का ह्या?” बाई हरखल्या. प्रमाणपत्र आलं त्याच दिवशी थोरलीने आपल्याकडच्या प्रोग्रामच्या यादीतून धाकटीला पुसून टाकलं होतं. ती धुमसली, ‘म्हणजे चांगुलपणातही हीच पुढे!’