खोलीची फेरमोजणी

जुनी इमारत पाडून तिथे मनोरा उभा राहणार होता. ज्याची जुनी खोली जेवढी, तेवढीच नवी मिळायची होती. म्हणून मावशींनी मोजणीदाराला आधी चहा दिला. मोजणीदार चहाने विरघळत नाहीत, पण प्रयत्न सोडू नये. शेजारच्या पाडकामाची धूळ येत होती, म्हणून त्यांनी आत उघडणारं दार लावून घेतलं. सामान कालच हलवलं होतं.

दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत बारा फूट भरले. मोजणी दोनदा करायची आणि कमी आकडा धरायचा, असा नियम होता. दुसऱ्यांदा अकरा भरले.

"मावशी, घर धुतलंत की काय? आटलंय."

"आटायला ते काय कापड आहे? फीत नीट धरा."

त्याने फीत नीट धरली. नऊ फूट. वीस वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाने फीत उलटसुलट तपासली. फितीत खोट नव्हती.

"पहिलाच आकडा लिहा हो," मावशी म्हणाल्या. "चाळीस वर्षं काढलीत मी इथे."

"लिहितो. पण साहेब विचारतील, म्हणून एकदाच, शेवटचं."

फितीचं टोक त्यांच्या हातात देऊन त्याने दाराला पाठ लावली. फीत ताणायची गरजच पडली नाही.

"मावशी, जरा मागे सरका."

"मी भिंतीलाच टेकलेय," मावशी म्हणाल्या. त्यांच्या श्वासाला चहाचा वास येत होता.